लाटांत होडी उलटी चालवू नका

मच्छीमार बंधूंनो, हतनूर धरणाचे पाणी चांगदेवजवळ तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरते. मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. अशा वेळी अडकलेले जाळे सोडविण्यासाठी इंजिनाची होडी उलटी चालवू नये. होडीची नाळ उंच व निमुळती असल्याने लाट कापते. मागची बाजू मात्र बुटकी, सपाट व इंजिनाच्या वजनाने दबलेली असते. त्यामुळे पाणी सरळ आत येते. सैल जाळे पंख्यात गुंतून इंजिन बंद पडल्यास होडी लाटेला आडवी होऊन कलंडते.

म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. जाळ्याचा दोर नाळेवर धरावा, म्हणजे होडीचे तोंड वाऱ्याकडे वळते. नाळ दबू लागल्यास दोर कापावा. जाळे पुन्हा विणता येते. जीवरक्षक जाकीट अंगात असावेच.