'गाजलेलं, पण माहीत नसलेलं' : ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर वाद कसा घालावा?

"ऐंशीच्या दशकातलं एखादं असं पॉप किंवा रॉक गाणं सांगा, जे हिट होतं पण फारसं कोणाला माहीत नाही." मंडळाची बैठक संपली की पोहे-जलेबीबरोबर हा खेळ हल्ली नेहमी रंगतो. कोणी एक नाव घेतं, दुसरा म्हणतो, "हे तर सगळ्यांना माहीत आहे." तिसरा म्हणतो, "छे, हे हिट कधी होतं?" आवाज चढतात आणि शेवटी "तुला गाण्यातलं काय कळतं?" इथे गाडी येऊन थांबते.

हा वाद वाया जातो याचं मला वाईट वाटतं, कारण विषय चांगला आहे. तो फसतो तो आवडीनिवडीमुळे नाही, तर शब्दांमुळे. आपण साहित्य मंडळाची माणसं, तेव्हा शब्दांपासूनच सुरुवात करू.

शब्दातच भांडण आहे

'गाजलेलं' आणि 'माहीत नसलेलं' हे एकाच गाण्याला कसं लागू पडेल? वरवर पाहता हा वदतोव्याघात आहे. पण 'गाजलं' या क्रियापदाला आपण मनातल्या मनात काही प्रश्न जोडून बघा : कुठे गाजलं? कधी गाजलं? कोणात गाजलं? आणि हे कशावरून म्हणता? आपल्या बैठकीत या चारांची उत्तरं प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी असतात, म्हणून भांडण होतं. उत्तरं उघड मांडली की वदतोव्याघात राहत नाही. एकेक प्रश्न उदाहरणासकट घेऊ.

कुठे?

'डेक्सीज मिडनाइट रनर्स' हा इंग्लंडचा बँड. त्यांचं 'कम ऑन आयलीन' १९८३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिकडे हा बँड 'एका गाण्यापुरता' म्हणूनच ओळखला जातो. पण इंग्लंडमध्ये १९८० सालीच त्यांचं 'जीनो' पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. म्हणजे 'जीनो' हे लंडनमध्ये हिट आणि न्यूयॉर्कमध्ये अनोळखी. दोन्ही विधानं खरी आहेत.

जर्मनीच्या 'मॉडर्न टॉकिंग'चं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. त्यांचं 'यू आर माय हार्ट, यू आर माय सोल' १९८५ मध्ये जर्मनीत पहिलं होतं. ब्रिटनमध्ये मात्र ते छप्पन्नाव्या क्रमांकापुढे सरकलं नाही. आपल्याकडे ही चाल 'डान्स डान्स' (१९८७) या चित्रपटातल्या 'झूबी झूबी'मुळे गल्लोगल्ली वाजली. मग हे गाणं 'कमी माहीत' की 'जास्त माहीत'? गावाचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

कधी?

केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढे ते जुन्या चाहत्यांचं गाणं होऊन राहिलं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत ते वाजलं आणि तब्बल सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. दहा वर्षांपूर्वी एखाद्याने हे 'विसरलेलं गाणं' म्हणून सांगितलं असतं तर ते पटलं असतं. आज तेच वाक्य आपल्या प्रथम वर्षाच्या मुलांसमोर म्हटलं तर ती हसतील.

आपल्याकडे नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' (१९८१) बघा. आदल्याच वर्षी 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'ने ती घराघरात पोचली होती. दोन्हींमागे बिद्दू हे बंगळुरूहून इंग्लंडला गेलेले संगीतकार होते. 'डिस्को दीवाने' चित्रपटातलं नव्हतं, तरी चाललं. २०१२ मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'ने ते पुन्हा वापरलं, तेव्हा पुष्कळ मुलांना ते नवंच वाटलं. प्रत्येक पिढीचं 'कधी' वेगळं असतं.

कोणात?

हा प्रश्न इंदूरच्या मराठी माणसाला जास्त नीट कळतो, कारण आपण दोन भाषांत राहतो. किशोर कुमार खंडव्याचे आणि काही काळ इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांची हिंदी गाणी इथे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. याच किशोरदांनी 'गंमत जंमत' (१९८७) या मराठी चित्रपटात अनुराधा पौडवालांबरोबर 'अश्विनी ये ना' गायलं. संगीत अरुण पौडवालांचं, ठेका त्या काळच्या पॉपच्या वळणाचा. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते गेले.

आता एक प्रयोग करा. हे नाव तुमच्या आजीला, मावशीला सांगा आणि नंतर शेजारच्या हिंदीभाषक काकांना सांगा, जे किशोरदांचे मोठे चाहते आहेत. दोन उत्तरांत जे अंतर पडेल, तेच 'गाजलेलं पण माहीत नसलेलं' या शब्दांचं खरं माप. इथे अज्ञान कोणाचंच नाही. गाणं एका भाषेच्या अंगणात राहिलं, इतकंच.

कशावरून?

इथे सगळ्यात जास्त ठेच लागते. इंग्लंड-अमेरिकेत दर आठवड्याला क्रमवारी छापली जाई, म्हणून 'तिसरं', 'छप्पन्नावं' असं आपण ठामपणे सांगू शकतो. आपल्याकडे मोजमाप म्हणजे अमीन सयानींची गीतमाला. ती १९५२ पासून रेडिओ सिलोनवर आणि १९८९ पासून विविध भारतीवर ऐकली गेली. पण ती हिंदी चित्रपटगीतांची. चित्रपटाबाहेरचं पॉप, इंग्रजीत गाणारे भारतीय बँड, मराठी गाणी ही सगळी त्या फूटपट्टीच्या बाहेर. त्यात नकली कॅसेटी इतक्या खपत की खरा खप कोणाच्याच वहीत चढला नाही.

म्हणून गोव्याच्या रेमो फर्नांडिसचं काय करायचं ते बघा. १९८४ चा 'गोअन क्रेझी' त्याने शिवोलीच्या घरीच ध्वनिमुद्रित केला, वाद्यंही बहुतेक स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्वतः दुकानांत नेऊन दिल्या. मुंबईत १९८४ मध्येच 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. त्यात महेश तिनईकर गिटार वाजवत. १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला आणि १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. यांना 'हिट' म्हणायचं का? आकडा मागाल तर हाती काही लागणार नाही. पण आकडा नाही म्हणजे गाणं गाजलं नाही, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. मोजणारा नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. अशा वेळी कॅसेटचं वेष्टन, वर्तमानपत्रातली जाहिरात, कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिका आणि ऐकलेल्या माणसाची साक्ष, हेच पुरावे.

एका कॅसेटचा अभ्यास

चारही प्रश्न एकत्र लावायला १९८२ च्या 'डिस्को डान्सर'इतकं चांगलं उदाहरण नाही. संगीत बप्पी लाहिरींचं. 'जिमी जिमी' पार्वती खानने गायलं, ते सोव्हिएत रशियातही लोकप्रिय झालं. 'कोई यहाँ नाचे नाचे'ची चाल 'द बगल्स' या ब्रिटिश जोडीच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून घेतलेली. मूळ गाणं १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं होतं आणि १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं ते याच गाण्याच्या चित्रफितीने. म्हणजे चाल आपल्या ओठांवर आणि मूळ गाणाऱ्यांचं नाव परकं. याला चोरी म्हणायचं की ओळख करून देणं? माझं मत असं की दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात. त्या चालीने आपल्याला आनंद दिला हे खरं, आणि मूळ नाव लपलं हेही खरं. आनंदाच्या नावाखाली श्रेय बुडवू नये आणि श्रेयाच्या रागापोटी आनंद नाकारू नये.

पण माझा जीव अडकतो तो याच चित्रपटातल्या 'कृष्णा धरती पे आजा तू'मध्ये. ते गायलंय नंदू भेंडे यांनी. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचा हा मुलगा, कवी निस्सीम इझिकेल यांचा भाचा. सत्तरच्या दशकात मुंबईत अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' बसवलं, तेव्हा नंदू भेंडेंनी त्यात ज्यूडासची भूमिका गाऊन गाजवली. ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'तही ते होते. ज्यूडासच्या तोंडचं रॉक गाणारा गळा काही वर्षांनी कृष्णाला हाक मारतो, तीही डिस्कोच्या ठेक्यावर! ही गोष्ट आपल्यासारख्या कॉलेजात, जिथे सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची मुलं उभी असतात, कोणाला तरी ठाऊक असायला हवी होती. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. चित्रपटाचं नाव घेतलं की आजही माणसं नाचून दाखवतात, पण गायकाचं नाव विचारलं की गप्प होतात.

मग हरकत कशाची?

कोणी म्हणेल, गाणी ऐकावीत, मजा करावी, एवढा कीस कशाला काढायचा? कीस काढायचं कारण असं की ज्याची नोंद होते तेच पुढे 'माहीत' उरतं. मोबाइलवरच्या यादीत जे येतं तेच ऐंशीचं दशक, असं आपण मानून बसलो तर रेमोची पहिली कॅसेट, नंदू भेंडेंचा आवाज, मराठीतले किशोरदा हे सगळं हळूहळू 'नव्हतंच' या खात्यात जमा होईल. कॅसेटच्या फिती चिकटतात, त्यांना बुरशी येते. ज्यांनी ती गाणी राजवाड्याजवळच्या दुकानांतून आणून ऐकली, ती माणसं आता साठीच्या आसपास आहेत. त्यांचं "आमच्या वेळी..." हे वाक्य आपण कंटाळून तोडतो. तेच वाक्य या विषयातलं अस्सल साधन आहे. फक्त ते साक्ष म्हणून ऐकायचं, निकाल म्हणून नाही. "आमच्या गल्लीत सगळे हे ऐकायचे" यावरून त्या गल्लीबद्दल बोलता येईल, देशाबद्दल नाही.

पुढच्या बैठकीसाठी

१. घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला ऐंशीच्या दशकातलं एक आवडतं गाणं विचारा. ते कुठे, कधी, कशावर ऐकलं हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. इंदुरी मराठी हिंदीकडे झुकली तरी सुधारू नका.

२. घरात जुनी कॅसेट असेल तर वेष्टनावरची सगळी नावं उतरवून काढा. वाद्य वाजवणाऱ्यांची नावं असतील तर आधी ती.

३. 'हे गाणं गाजलं होतं' हे विधान चार ओळींत मांडा. प्रत्येक ओळीत एका प्रश्नाचं उत्तर : कुठे, कधी, कोणात, कशावरून. चौथी ओळ रिकामी राहिली तर तिथे 'पुरावा शोधायचा आहे' असं प्रामाणिकपणे लिहा.

४. एखाद्याचं गाणं आवडलं नाही तर "मला आवडलं नाही" असं म्हणा, "हे हिट नव्हतंच" असं म्हणू नका. पहिलं मत आहे, दुसरं विधान आहे. विधानाला पुरावा लागतो.

एवढं करून आलात की वाद जरूर घालू. पोहे-जलेबी मंडळाकडून.