अदृश्य उष्णतेचे वर्णपट : हर्शेल दूरदर्शकाची तीन उपकरणे

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला. लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याने वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथील तापमापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा. युरोपीय अवकाश संस्थेने १४ मे २००९ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून सोडलेल्या दूरदर्शकाला याच शास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले. त्याच्या आरशाचा व्यास ३.५ मीटर होता. पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावर राहून त्याने एप्रिल २०१३ पर्यंत निरीक्षणे केली.

दूर-अवरक्त प्रकाशाचे महत्त्व

ज्या मेघांतून तारे जन्मतात ते अतिशय थंड असतात. ते दृश्य प्रकाश देत नाहीत. त्यांचे प्रारण मुख्यतः ५० ते काहीशे मायक्रॉन तरंगलांबीचे असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या प्रारणात प्रत्येक अणूची व रेणूची रेषा ठरलेल्या जागी उमटते. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची रेषा १५८ मायक्रॉनवर, ऑक्सिजनच्या अणूची ६३ वर, तर पाण्याची एक प्रमुख रेषा ५३८ वर असते. परंतु हे किरण वातावरणातील बाष्प शोषून घेते. म्हणून उपकरणे उंचावर न्यावी लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतून, एक मीटर व्यासाचा दूरदर्शक व जपानी वर्णपटमापक यांच्या साह्याने, कार्बनच्या याच रेषेची निरीक्षणे केली आहेत.

उपकरण स्वतः उबदार असले, तर त्याच्या स्वतःच्याच उष्णतेत आकाशाचा क्षीण प्रकाश हरवतो. यास्तव हर्शेलवर सुमारे २,३०० लिटर द्रवरूप हेलियम नेले होते. ते संपताच निरीक्षणेही संपली.

तीन उपकरणे, तीन रीती

पहिले उपकरण ‘पॅक्स’. ५५ ते २१० मायक्रॉन हा त्याचा पल्ला. ते आकाशाच्या एका लहान चौकोनाचे पाच गुणिले पाच, म्हणजे २५ भाग करी. आरशांच्या साह्याने हे भाग एका ओळीत मांडले जात व रेखित जालकावरून परावर्तित होऊन प्रत्येक भागाचा स्वतंत्र वर्णपट एकाच वेळी मिळे. मेघाच्या कोणत्या भागात कोणता वायू आहे, हे यावरून समजे.

दुसरे ‘स्पायर’. यात प्रकाशाचे दोन भाग करून, एका सरकत्या आरशाने त्यांच्या मार्गांत कमीअधिक फरक पाडीत व ते पुन्हा एकत्र आणीत. त्यातून होणाऱ्या तीव्रतेच्या चढउतारावरून, फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने, वर्णपट काढता येतो. १९४ ते ६७१ मायक्रॉनचा सर्व पल्ला एकाच निरीक्षणात हाती येई. अनपेक्षित रेषाही त्यामुळे सापडत. खेकडा अभ्रिकेतील अर्‍गॉन आणि हायड्रोजन यांचा संयुक्त आयन २०१३ मध्ये असाच उघडकीस आला.

तिसरे ‘हायफाय’. तंबोऱ्यातील जोडाच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या म्हणजे आवाजात हेलकावे ऐकू येतात; हेलकाव्यांची गती ही दोन स्वरांच्या कंप्रतांतील फरकाइतकी असते. हायफायमध्ये आकाशातून येणाऱ्या तरंगात, उपकरणातच निर्माण केलेला नेमक्या कंप्रतेचा तरंग मिसळीत आणि त्यातून मिळणारा फरकाचा मंद संकेत मोजीत. या रीतीने कंप्रतेतील दहा लक्षांश भागाहूनही सूक्ष्म भेद ओळखता येई. पॅक्सची ही क्षमता काही हजारांश भागापर्यंतच होती. मात्र हायफाय एका वेळी आकाशाचा एकच बिंदू आणि वर्णपटाचा अरुंद पट्टाच पाही.

पाण्याच्या उगमाचा प्रश्न

एवढ्या सूक्ष्मतेची आवश्यकता एका उदाहरणावरून स्पष्ट होते. पृथ्वीच्या सागरांत साध्या हायड्रोजनच्या दर दहा हजार अणूंमागे जड हायड्रोजनचे सुमारे १.५६ अणू असतात. पूर्वी तपासलेल्या दूरच्या धूमकेतूंत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळल्याने, सागरांचे पाणी धूमकेतूंनी आणले असेल, ही कल्पना मागे पडली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये हायफायने हार्टले-२ या धूमकेतूचे निरीक्षण केले. त्यातील वायूचा वेग सेकंदाला एखाद्या किलोमीटरच्या आसपास असल्याने त्याच्या रेषा अतिशय बारीक होत्या. स्पायरच्या वर्णपटात त्या पसरून विरून गेल्या असत्या. हायफायने जड पाण्याची क्षीण रेषाही स्वच्छ टिपली. प्रमाण सुमारे १.६ निघाले, म्हणजे सागराच्या पाण्याइतकेच.

त्यामुळे जुनी कल्पना पुन्हा विचारात आली. परंतु एका धूमकेतूवरून सर्वांचा निर्णय करता येत नाही. २०१४ मध्ये रोझेटा यानाने दुसऱ्या एका धूमकेतूत हे प्रमाण ५.३ असल्याचे सांगितले. सागरांच्या पाण्यात धूमकेतूंचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी आणखी पुष्कळ धूमकेतूंच्या अशाच बारीक रेषा मोजाव्या लागतील.