तोंडातली गाठ : कॅन्सर की साधी?



खालच्या ओठाच्या आतून वाटाण्याएवढा निळसर फुगा आलेलं मूल तुमच्याही वर्गात असेल. घरचे लोक एकतर कॅन्सरच्या भीतीने झोपत नाहीत, नाहीतर "उष्णतेनं आलंय, जाईल" म्हणून सोडून देतात.

बहुतेक वेळा हा असतो म्युकोसील. ओठाच्या आत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. दात लागून एखादीची नळी तुटली की लाळ आतच साठते. फुगा फुटतो, चिकट पाणी येतं, बरं झालं असं वाटतं आणि पुन्हा भरतो. हे फुटणं-भरणं हीच निदानाची मोठी खूण! म्हणून घरी सुईने टोचू नका. बिघडलेली ग्रंथी आत तशीच राहते; काढायचा तर तिच्यासकट काढावा लागतो.

डॉक्टर काय बघतात? जागा, रंग, स्पर्श आणि गाठ कधीपासून आहे ते. टाळूच्या मधोमध दगडासारखा टणक, न दुखणारा उंचवटा बहुधा टोरस, म्हणजे चक्क हाडच. त्याला सहसा काही करावं लागत नाही. हिरडीवरची लालभडक, ब्रश लागताच रक्त येणारी गाठ पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असू शकते. नाव फसवं आहे, तिच्यात पू नसतो. गरोदरपणातही ती दिसते. काचेने दाबल्यावर फिकी पडणारी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. तिथे विचार न करता कापलं तर रक्त थांबवताना पंचाईत होते.

आणि एक दुर्मीळ पाहुणी, जिभेवरची ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. 1926 मध्ये अब्रिकोसॉफ यांनी तिचं वर्णन केलं. गाठ साधीच, पण तिच्यावरचा थर कधीकधी असा वाढतो की नुसता वरवरचा तुकडा तपासला तर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरचा भास होतो. म्हणून तुकडा पुरेसा खोल घ्यावा लागतो. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती मात्र मनातून काढाच.

दोन आठवड्यांत न गेलेली कोणतीही गाठ वा जखम दंतवैद्यांना दाखवा. पांढरा-लाल चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल, तर लगेच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, तेव्हा तोही प्रश्न मुलाला एकट्यात, न रागावता विचारा. जाताना गाठीचे तारीखवार मोबाइल फोटो न्या. ती वाढतेय की तेवढीच आहे, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.