संग्रहातील घड्याळे, रत्ने आणि जकातीचा हिशेब

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या किनारपट्टीवरील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष वर्षानुवर्षे आखाती देशांत नोकरी करीत आहेत. सुबत्तेबरोबर काही घरांत मौल्यवान घड्याळे आणि माणिक, पाचू, नीलम जडवलेले दागिने जमवण्याची हौसही आली. असा संग्रह धर्मसंमत आहे काय आणि त्यावर जकात किती, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

इस्लामने शोभेच्या वस्तू मुळातच निषिद्ध ठरवलेल्या नाहीत. सूरह अल-अअराफमध्ये (7:32) अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणाऱ्यांना जाब विचारला आहे. त्याच वेळी सोने-चांदी साठवून ती अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना सूरह अत-तौबामध्ये (9:34) यातनादायी शिक्षेची सूचना दिली आहे. श्रद्धावंताने या दोन्ही आदेशांचे भान ठेवावे.

वापराचा नियम

सोने स्त्रियांना वैध आहे, पुरुषांना नाही. एका व्यक्तीच्या बोटातील सोन्याची अंगठी प्रेषितांनी (स.) काढून फेकली व तिला निखाऱ्याची उपमा दिली, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. म्हणून पुरुषाने सोन्याचे घड्याळ वापरू नये. पोलादी घड्याळ किंवा चांदीची अंगठी वापरण्यास हरकत नाही. मात्र एखादे रत्न नशीब पालटते, संकट टाळते, ही समजूत तौहीदच्या विरुद्ध आहे. लाभ-हानी केवळ अल्लाहच्या हाती आहे.

जकातीचा नियम

कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत. या मतानुसार स्त्रीने प्रथेच्या मर्यादेत वापरलेल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मतानुसार मात्र सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर ती आहे. वापरासाठी नव्हे, तर साठा म्हणून ठेवलेल्या सोन्यावर शाफई मतानेही जकात आहे. पुरुषाच्या सोन्याच्या घड्याळालाही सूट नाही, कारण तो वापरच वैध नाही. समजा, अशा घड्याळात 18 कॅरेटचे 120 ग्रॅम सोने आहे. त्यात शुद्ध सोने 90 ग्रॅम भरते. सोन्याचा निसाब 20 मिस्काल, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम आहे. वर्ष पूर्ण होताच अडीच टक्के, म्हणजे 2.25 ग्रॅम सोन्याइतकी जकात देय होते.

हौसेसाठी ठेवलेल्या रत्नांवर किंवा पोलादी घड्याळांवर जकात नाही. परंतु तीच वस्तू विकून नफा मिळवण्याच्या हेतूने घेतली असेल, तर ती व्यापारी माल ठरते. मग खरेदीची किंमत न धरता वर्षअखेरच्या बाजारभावाने, रत्नांसह संपूर्ण वस्तूचे मूल्य धरून अडीच टक्के द्यावे लागतात.

हेतूची परीक्षा

एकच घड्याळ एकाच्या कपाटात हौसेची वस्तू असते, तर दुसऱ्याच्या कपाटात व्यापारी माल. बाहेरच्या माणसाला हा फरक दिसत नाही. तो मालकाला ठाऊक असतो आणि अल्लाहला. जकात चुकवण्यासाठी सोने विकून रत्ने घेणारा हिशेबनीसाला चकवील, परंतु अंतःकरण जाणणाऱ्याला नाही. पत्नीचा महर थकलेला, बहिणीचा वारसाहक्क दिलेला नाही आणि कपाटात घड्याळांची रांग, अशी स्थिती असेल तर आधी ती देणी फेडावीत. संग्रहाची लेखी नोंदही करून ठेवावी, म्हणजे मृत्यूनंतर वारसांचे हिस्से बुडणार नाहीत.

प्रेषितांची (स.) चांदीची अंगठी पुढे हजरत अबू बक्र (रजि.), हजरत उमर (रजि.) व हजरत उस्मान (रजि.) यांच्या हाती आली आणि अखेर आरीसच्या विहिरीत पडली. पुष्कळ शोधूनही ती सापडली नाही. जगातील वस्तू अशाच हातून जातात. सोबत येतो तो केवळ त्यांचा हिशेब.

अल्लाह आपणा सर्वांना संपत्तीचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.