छायाचित्रणाचा अभ्यास व त्याचीं साधनें

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत आज असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्यांत मोबाईलच्या रूपानें एक तरी कॅमेरा नाहीं. लग्न असो, जत्रा असो, बैलपोळा असो कीं शाळेचें स्नेहसंमेलन असो, प्रत्येक प्रसंगीं शेंकडों चित्रें घेतलीं जातात. परंतु वर्षभरानें त्यांपैकीं एखादें काढून पाहूं म्हटलें, तर तें हातीं लागत नाहीं. लागलें तर त्यांतील चेहरे काळे पडलेले असतात. आणि चेहरे स्पष्ट असले, तर ते कोणाचे हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. साधनें घरोघर पोहोंचलीं, अभ्यास मात्र मागें राहिला. हा अभ्यास आमच्या विद्यार्थ्यांना बहुतांशीं एक पैसाहि खर्च न करितां कसा करतां येईल, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या कलेशीं आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे अगदीं आरंभींच्या भारतीय छायाचित्रकारांपैकीं एक होत. त्या काळांतील एका रीतींत काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतांनाच चित्र घ्यावें व धुवावें लागे. त्यामुळें प्रत्येक चित्रामागें विचार असे. पुढें १९७५ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें डिजिटल कॅमेरा जुळविला. त्यांतील एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि चित्राचे बिंदु अवघे १०,००० असत. आजच्या साध्या मोबाईलांत हेच बिंदु कोटींनीं मोजतात. बिंदु वाढले, परंतु प्रकाशाचे नियम होते तेच राहिले आहेत, आणि अभ्यासाचा आरंभ तेथूनच करावयास पाहिजे.

समजा, घोडनदीच्या कांठीं एक काळी म्हैस उभी आहे व शेजारीं एक पांढरा शुभ्र खिलार बैल आहे. म्हशीनें सारी चौकट भरून चित्र घेतलें तर ती करडी दिसते. बैलानें चौकट भरली तर तोहि मळकट करडाच दिसतो. असें कां व्हावें? कॅमेऱ्याला म्हैस कोणती व बैल कोणता हें कळत नाहीं. समोरून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी मध्यम करड्या रंगाएवढी असली पाहिजे, असें गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून काळी वस्तु तो उजळ करितो व पांढरी काळवंडवितो. हल्लींचे मोबाईल चेहरे वगैरे ओळखून थोडीफार दुरुस्ती करितात, तरी मूळ रीत हीच आहे. यावर उपाय सोपा आहे. पांढऱ्यासाठीं प्रकाश वाढवावा, काळ्यासाठीं कमी करावा. बहुतेक मोबाईलांत पडद्यावर बोट टेंकवून वर किंवा खालीं सरकविलें असतां हें साधतें. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाची कळ असते.

दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळांत हा नियम उत्तम शिकतां येतो. आंत अंधार, काहिलींतून उठणारी पांढरी वाफ, खालीं चुलवाणाचा लाल जाळ, आणि दारांतून येणारें ऊन! वाफेनें फसून कॅमेरा गुळव्याचा चेहरा काळा करून टाकतो. येथें कॅमेऱ्यांतील आलेखाकडे पाहण्याची संवय लावावी. त्याला इंग्रजींत हिस्टोग्राम म्हणतात. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि मधल्या टेंकड्या म्हणजे त्या त्या छटेचे किती बिंदु आहेत याची मोजदाद. टेंकडी उजव्या भिंतीवर आदळली कीं समजावें, वाफेंतील तपशील गेला. आणि असा गेलेला तपशील पुढें कोणतेंहि सॉफ्टवेअर परत आणूं शकत नाहीं. एक गोष्ट मात्र आलेख दाखवीत नाहीं : काम करणाऱ्या माणसाला आधीं विचारून मग चित्र घ्यावें, ही.

आतां संगणकाकडे वळूं. नेहमींची जेपेग फाईल प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवते. चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाईल १४ बिटांची असली तर तींत १६,३८४ पायऱ्या असतात. छायेंत गेलेला चेहरा उजळूं लागलें म्हणजे हा भेद कळतो. जेपेगमधील चेहऱ्यावर पट्टे व डाग उमटतात, रॉमधील चेहरा पुष्कळ सांवरतां येतो. अशा रॉ फाईलींसाठीं 'डार्कटेबल' व 'रॉथेरपी' हीं दोन सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. चित्रांतील डाग काढणें, अक्षरें घालणें इत्यादि कामांसाठीं 'गिंप' आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील दोन विद्यार्थ्यांनीं अभ्यास म्हणून तें आरंभिलें व १९९६ सालीं लोकांपुढें ठेविलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोबाईलवर 'स्नॅपसीड' पुरे. निघोज व टाकळी हाजी यांच्यामध्यें कुकडी नदीनें खडकांत कोरलेले रांजणखळगे एका चित्रांत मावत नाहींत. तेथें अनेक चित्रें क्रमानें घेऊन, प्रत्येकांत शेजारच्याचा तिसरा हिस्सा येईल असें राखून, 'हगिन' या सॉफ्टवेअरनें तीं जोडतां येतात. 'फोटोशॉप' धंदेवाईकांस लागतें व त्याचें भाडें भरावें लागतें. परंतु त्याची चोरटी प्रत वापरणें आम्हांस मान्य नाहीं. फुकट मिळणारीं प्रामाणिक साधनें इतकीं असतांना तर मुळींच नाहीं.

शिकावें कोठून? 'गिंप' व 'डार्कटेबल' यांच्या कर्त्यांनीं स्वतः लिहिलेलीं मार्गदर्शक पुस्तकें इंटरनेटवर खुलीं आहेत. घाईनें बनविलेल्या दहा चलच्चित्रांपेक्षां त्यांतील एक प्रकरण सावकाश वाचणें अधिक लाभाचें आहे. अॅन्सेल अॅडम्स यांचीं कॅमेरा, निगेटिव्ह व प्रिंट या विषयांवरील तीन पुस्तकें फिल्मच्या काळचीं आहेत, तरी प्रकाशाविषयींचा त्यांतील विचार जुना झालेला नाहीं. आणि दुसऱ्यांचीं चित्रें पाहावीं. सुधारक ओलवे यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांचीं जीं छायाचित्रें घेतलीं, तीं एकेक पांच मिनिटें पाहावीं व उजेड कोठून येतो, छायाचित्रकार कोठें उभा आहे, चौकटीबाहेर काय सोडलें आहे, हें वहींत लिहावें. ओलवे यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु त्या मानापेक्षां त्यांची चिकाटी आम्हांला अधिक शिकविते.

दौंडहून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर भिगवण लागतें. तेथें उजनीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी येतात व छायाचित्रकारांची गर्दी होते. पक्षी उडतांना चांगले दिसतात म्हणून नाव अंगावर घालून त्यांना उडविणें हा दुष्टपणा होय. चरणारा पक्षी अन्नासाठीं आला आहे, आपल्यासाठीं नव्हे. तेथील चित्र 'ईबर्ड' किंवा 'आयनॅचरलिस्ट' या संग्रहांत दिलें, तर तें अभ्यासकांच्या उपयोगीं पडतें. परंतु त्यासाठीं कॅमेऱ्याचें घड्याळ व तारीख बरोबर पाहिजे. चुकीच्या तारखेचें सुंदर चित्र शास्त्राच्या दृष्टीनें निरुपयोगी असतें.

येथेंच सत्याचा प्रश्न येतो. झांकोळलेला चेहरा उजळणें, वांकडें क्षितिज सरळ करणें, यांत कोणी फसत नाहीं. पण वर्गाच्या चित्रांतून एखादा मुलगा पुसून टाकणें, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें न आलेल्या पाहुण्यास रांगेंत उभें करणें, ही लबाडी होय. तीं साधनें आतां मोबाईलांतच आलीं असल्यामुळें मूळ फाईल न बदलतां वेगळी राखून ठेवण्याचा नियम प्रत्येकानें स्वतःस घालून घ्यावा.

सर्वांत दुर्लक्षिलेलें साधन अजून राहिलेंच. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें वसविलेल्या मुक्ति मिशनचीं जुनीं छायाचित्रें आज आपण पाहतों, तीं त्यांखालीं नांव व स्थळ लिहिलें असल्यामुळें बोलकीं होतात. आपल्या घरच्या पेटींत व शाळेच्या कपाटांत पडलेल्या गटचित्रांतील मंडळी ओळखणारे वृद्ध लोक दर वर्षीं थोडे थोडे कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर तीं नांवेंहि जातात, आणि मग तें चित्र म्हणजे अनोळखी माणसांची रांग होऊन बसतें.

म्हणून असें करावें. जुनें चित्र इंचास ६०० बिंदु या प्रमाणानें स्कॅन करावें. सहा इंच बाय चार इंचांचें चित्र त्यानें ३६०० बाय २४०० म्हणजे सुमारें ८६ लाख बिंदूंचें होतें व ओळख पटण्यास पुरतें. तें घेऊन आजी-आजोबांकडे, गांवांतील म्हाताऱ्या शिक्षकांकडे जावें, पडद्यावर चेहरा मोठा करून दाखवावा, आणि ते सांगतील तें तेथेंच लिहून घ्यावें. 'डिजीकॅम' या विनामूल्य सॉफ्टवेअरनें हीं नांवें देवनागरींत फाईलीच्या आंतच नोंदतां येतात. पुढें फाईल कोठेंहि गेली तरी नांवें तिच्याबरोबर जातात. फिल हार्वे यांनीं केलेलें 'एक्झिफटूल' हें साधन अशा नोंदी वाचून दाखवितें व चुकलेली तारीख दुरुस्त करितें. मात्र व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून धाडलें असतां चित्र लहान होतें व आंतील नोंदी गळून पडतात. डॉक्युमेंट म्हणून धाडलें तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. उलट, लहान मुलांचें चित्र जाहीर करावयाचें असेल तेव्हां घराचें ठिकाण दाखविणारी नोंद आधीं काढून टाकावी.

तीन प्रती ठेवाव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गांवीं. शिरूरच्या मुलानें दौंडच्या मामाकडे ठेविली तरी चालेल. फाईलीचें नांव सालापासून सुरू करावें, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणक त्या आपोआप कालक्रमानें लावतो. साल निश्चित नसेल तर वर्णनांत 'सुमारें' असें लिहावें, व तें कोणीं सांगितलें त्याचेंहि नांव पुढें घालावें.