मेडिकल बोर्डाआधी तुम्ही तपासा: रंगांधळेपणा आणि करिअरची निवड

रेल्वेची लेखी परीक्षा निघाली, कट-ऑफच्या वर नाव आले, घरी पेढे वाटून झाले आणि मग मेडिकलला मुलगा 'अनफिट' ठरला. कारण, रंगांधळेपणा. पुष्कळ घरांत ही गोष्ट अशीच, सगळ्यांत वाईट वेळी कळते. तोवर क्लासची फी भरलेली असते आणि उमेदीची वर्षे एकाच परीक्षेच्या मागे गेलेली असतात. वास्तविक ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि सातवी-आठवीतही करून घेता येते. जन्मजात रंगांधळेपणा सहसा वयानुसार वाढत नाही, कमीही होत नाही. तेराव्या वर्षी येईल तोच निकाल तेविसाव्या वर्षी मेडिकल बोर्डासमोर येणार, हे धरून चालावे. म्हणून दहावीनंतर शाखा निवडण्याआधी ही तपासणी उरकून टाका, एवढा एक सल्ला पाळला तरी पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

नेमके काय होते?

डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंक्वाकार पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतला एखादा प्रकार नसला किंवा त्याची संवेदनशीलता सरकलेली असली, की काही रंगांतला फरक पुसट होतो. सर्वाधिक आढळतो तो लाल-हिरव्यातला गोंधळ. अशा व्यक्तीला जग काळे-पांढरे दिसते हा निव्वळ गैरसमज आहे. तसे दिसणारी माणसे अत्यंत विरळ. दृष्टीची तीक्ष्णता उत्तम असते, निळा-पिवळा ठणठणीत कळतो. अडते ते तपकिरी आणि हिरव्यात, जांभळ्या आणि निळ्यात, फिक्या गुलाबी आणि राखाडीत. मूल झाडाचे खोड हिरवे रंगवते. चार्जरवरचा दिवा लालचा हिरवा झाला तरी चार्जिंग पूर्ण झाल्याचे त्याला उमगत नाही. मिरचीच्या झाडावरची पिकलेली मिरची शोधायला त्याला इतरांपेक्षा वेळ लागतो. शिक्षक 'लक्ष नाही' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

लाल-हिरव्या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून तो मुलांमध्ये जास्त, मुलींमध्ये कमी. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एकाला आणि २०० स्त्रियांमागे एकीला तो असतो; भारतात पुरुषांतले प्रमाण त्याहून कमी आढळते. मुलाला हा दोष आईकडून मिळतो, पण आईला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. त्यामुळे आजोळी चौकशी करा: मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांत गफलत व्हायची का? ही चौकशी तपासणीची गरज ओळखण्यासाठी आहे, सुनेला बोल लावण्यासाठी नाही. कोणते गुणसूत्र मुलाकडे जावे, हे कोणाच्याच हातात नसते.

एक अपवाद लक्षात ठेवा. आजवर नीट ओळखू येणारे रंग अचानक फिके वाटू लागले, तर ते जन्मजात नाही. क्षयरोगावरचे इथाम्ब्युटॉल हे औषध काहींच्या दृष्टिमज्जेवर परिणाम करते आणि त्याची सुरुवात रंग न कळण्यानेही होऊ शकते. अशा वेळी करिअरचा विचार नंतर, डॉक्टर आधी.

तपासणी कशी होते?

ठिपक्याठिपक्यांच्या गोलात दडलेला आकडा ओळखायचा, ही इशिहारा चाचणी. टोकियोतले नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच वाचता येतो. दुसऱ्या पानावर इतरांना ८ दिसतो तिथे लाल-हिरवा दोष असलेल्याला ३ दिसतो. या पुस्तकात आणखी एक मजा आहे. काही पाने अशी, की ज्यांत सर्वसाधारण नजरेला काहीच सापडत नाही आणि रंगांधळ्यांपैकी अनेकांना आकडा स्पष्ट वाचता येतो. म्हणजे ही नजर वेगळी आहे; सर्वच बाबतींत उणी नाही.

इशिहारा चाचणी दोष आहे की नाही एवढे चांगले सांगते. तो किती तीव्र आहे हे सांगण्यात ती तोकडी पडते. नोकरीचा प्रश्न बहुतेक वेळा तीव्रतेवर अडतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे लँटर्न चाचणी, फार्न्सवर्थ डी-१५ किंवा अॅनोमॅलोस्कोप यांची सोय कुठे आहे ते विचारा आणि प्रकार व तीव्रता लिहिलेला अहवाल घ्या. मोबाइलवरच्या चाचणीवर विसंबू नका. पडद्याचा उजेड आणि रंगछटा बदलल्या की उत्तर बदलते. पाने पाठ करून जाण्याचा सल्ला देणारेही भेटतात. डॉक्टर पानांचा क्रम बदलतात, आणि समजा कोणी निसटलाच, तर पुढे सिग्नलसमोर कोण निसटवणार?

कुठे दार बंद, कुठे अर्धे उघडे

काही कामांत ही अट रास्त आहे. १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली आणि सिग्नलचा रंग न ओळखल्याने ती झाली असावी, असा संशय घेतला गेला. त्यानंतर शास्त्रज्ञ फ्रिथ्योफ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीचे धागे निवडायला लावणारी चाचणी पुढे आणली आणि रेल्वेत रंगदृष्टीची तपासणी रूढ झाली. आपल्या रेल्वेतही असिस्टंट लोको पायलटला 'ए-१' हा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा लागतो. पण तीच रेल्वे 'सी' दर्जाच्या, कार्यालयीन स्वरूपाच्या पदांना रंगदृष्टीची तशी अट घालत नाही. 'रेल्वे' नावाला काट मारण्याऐवजी जाहिरातीत पदापुढे लिहिलेला वैद्यकीय दर्जा वाचा.

सैन्यदलांत रंगदृष्टीच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि दल व शाखेनुसार त्या बदलतात. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत त्या सर्वांत कडक. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतही रंगांधळेपणा चालत नाही. यूपीएससीत आयपीएससारख्या 'तांत्रिक' गटातल्या सेवांचा निकष वेगळा, आयएएसचा वेगळा; एका सेवेला अपात्र म्हणजे सगळ्यांना अपात्र नव्हे. वैमानिक व्हायचे असेल तर फ्लाइंग स्कूलचे लाखो रुपये भरण्याआधी डीजीसीएची क्लास २ आणि क्लास १ तपासणी करून घ्या. मर्चंट नेव्हीसाठीही हाच क्रम: आधी मान्यताप्राप्त डॉक्टरांचा दाखला, मग फी. इंजिनिअरिंगमध्ये मायनिंगसारख्या शाखेला काही संस्था अट घालतात, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचा.

सवयीने घातलेली बंदी

सगळ्या अटी मात्र इतक्या विचारपूर्वक घातलेल्या नसतात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे प्रकरण पालकांनी मुद्दाम समजून घ्यावे. पाटण्याच्या एका विद्यार्थ्याची २०१५ मध्ये तिथल्या फिल्म एडिटिंगच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघाल्याने प्रवेश नाकारला गेला. संस्थेच्या १२ पैकी ६ अभ्यासक्रमांना ही बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष चित्रपटांत काम करणारे आणि नेत्रतज्ज्ञ यांची समिती नेमली. समितीचे म्हणणे असे, की चित्रपट हे अनेकांनी मिळून करायचे काम आहे; रंगांची बाजू सहकाऱ्याच्या मदतीने सांभाळता येते, आणि विद्यार्थ्याला पुढे काम मिळेल का हे ठरवणे संस्थेचे काम नाही. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सर्व अभ्यासक्रम रंगांधळ्या विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितले.

वैद्यकीय शिक्षणात त्याआधीच असे घडले होते. त्रिपुरात एमबीबीएसला प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश मिळवून दिला. जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवान्याचा मार्ग मोकळा केला. तीव्र दोषाला मनाई कायम राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीने नाकारलेल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला न्यायालयाने नेमणूक द्यायला लावली. 

पेच असा, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही. आरक्षण नाही, सवलत नाही, पण नकार मात्र आहे. म्हणून नकार आला तर तो लेखी घ्या, कोणत्या नियमाखाली हे विचारा आणि फेरतपासणीची मुदत चुकवू नका.

शाळा-कॉलेजात

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असते. फिनॉल्फ्थॅलिनची ती फिकी गुलाबी छटा नेमकी कोणत्या थेंबाला आली, हे अशा मुलाला पकडता येत नाही. थेंब पडत राहतात आणि रीडिंग चुकते. शिक्षकांना आधी सांगा, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा, जोडीदाराला रंग बदलताच बोलायला सांगा. भूगोलाच्या नकाशात रंगांबरोबर रेघा, ठिपके वापरता येतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेझिस्टरवरचे रंगपट्टे वाचण्याऐवजी मल्टिमीटर लावावा. इलेक्ट्रिशियनच्या कामात तीन फेज लाल, पिवळ्या, निळ्या आणि अर्थिंग हिरवे. तिथे अंदाज चालत नाही, टेस्टर आणि वायरीवर नावाच्या पट्ट्या हव्यातच.

ज्या जॉन डाल्टनचा अणुसिद्धान्त मुले शाळेत शिकतात, ते स्वतः रंगांधळे होते. १७९४ मध्ये त्यांनी आपल्याच दृष्टीवर निबंध वाचला. मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या त्यांच्या डोळ्यांतून १९९५ मध्ये दोषाचा नेमका प्रकारही कळला. रसायनशास्त्र त्यांना वर्ज्य ठरले नाही.

सॉफ्टवेअर, वाणिज्य, कायदा, अध्यापन, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षांतली बहुसंख्य कार्यालयीन पदे: इथे हा दोष सहसा आड येत नाही. कापडाची रंगाई, छपाईतली रंगजुळणी, रत्नपारख अशा कामांत मात्र रोजच झगडावे लागेल, हे मुलाला प्रामाणिकपणे सांगा.

पालकांसाठी

'हा कोणता रंग सांग बरं' हा पाहुण्यांपुढचा खेळ आजपासून बंद करा. मुलगा परीक्षेला बसतो तसा उत्तर देतो आणि चुकला की हसे होते. लग्न जमणार नाही म्हणून ही गोष्ट लपवूही नका. लपवलेला दोष मेडिकलला उघडा पडतोच. रंगांधळेपणा 'बरा करून देतो' अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. जन्मजात दोषावर आज उपचार उपलब्ध नाही. रंगीत चष्मे काहींना छटांतला फरक वाढवून दाखवतात, दोष जात नाही, आणि ते लावून भरतीची तपासणी देता येत नाही.

पुढच्या महिन्याभरात करायची कामे चारच. नेत्रतज्ज्ञांकडून प्रकार आणि तीव्रता लिहून घ्या. मुलाच्या आवडीची पाच पदे किंवा अभ्यासक्रम निवडून त्यांच्या ताज्या जाहिराती व माहितीपत्रके काढा, आणि त्यांतला वैद्यकीय निकष अहवालाशेजारी ठेवून वाचा. बंद, अटीवर खुले, पूर्ण खुले अशी यादी करा. आणि ही यादी मुलाच्या हातात द्या: निर्णय त्याचा आहे, आणि तो निर्णय माहितीवर घेतला जावा एवढीच आपली जबाबदारी.