अस्थिमत्स्यांची ओळख

रत्नागिरीच्या उत्तरेस आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर मिळणाऱ्या मासळीत हाडांचा सांगाडा असलेले मासे, म्हणजे अस्थिमत्स्य, बहुसंख्य आहेत. मुशी व पाकट यांचा सांगाडा मऊ कूर्चेचा असून त्यांच्या कल्ल्यांच्या फटी उघड्या असतात. बांगडा, तारली, सुरमई यांचे कल्ले मात्र हाडांच्या झाकणाखाली असतात. मासळी घेताना हे झाकण उचलून पाहावे. कल्ले लालभडक असल्यास मासा ताजा समजावा. तपकिरी व बुळबुळीत असल्यास घेऊ नये. ग्रामसेवकांनी ही खूण बाजारात प्रत्यक्ष दाखवावी.

बहुतेक अस्थिमत्स्यांच्या कण्याखाली हवेचा फुगा असतो. त्यातील वायू कमीअधिक करून मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. सुरमईस फुगा नाही. तिला सतत पोहावे लागते. तळाच्या वाळूत पडून राहणाऱ्या लेप्यासही मोठेपणी तो उरत नाही, आणि त्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगास येतात!

घोळीच्या जाड फुग्यास भोत म्हणतात. त्यास तिच्या मांसाहून कितीतरी अधिक भाव येतो. यास्तव घोळीचे पोट फाडताना सुरी खोल घालू नये. फाटलेल्या भोतास भाव कमी मिळतो.